बॉनविलचा वारकरी

१९२० साली घेतलेली एक मोटारसायकल, गॅरेजच्या चार भिंती आणि हातांत असलेले कसब एवढ्या भांडवलावर न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी वयाच्या ६८ व्या वर्षी जागतिक विक्रम केला. वेगाच्या या मेळ्यात त्यांनी पहिली हजेरी लावली ती मात्र निव्वळ प्रेक्षक म्हणून. आजही अशा मेळ्यांना पहिल्यांदाच निघालेल्या दुचाकीस्वारांना त्यांच्या आयुष्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

अमेरिकेच्या यूटा राज्यात, नेवाडाच्या सीमेलगत, मिठाचे एक पांढरेशुभ्र मैदान आहे. प्राचीन काळी तेथे बॉनविल नावाचे अफाट सरोवर होते. ते आटले आणि मागे मिठाचा कठीण, सपाट थर उरला. या मैदानावर ऑगस्ट महिन्यात वेगवेड्यांचा मेळा भरतो. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था १९४९ पासून 'स्पीड वीक' या नावाने तो भरवत आली आहे. पंढरीच्या वाटेवर दरवर्षी ठरलेल्या वेळी पावले वळावीत, तशी जगभरातील मोटारी आणि मोटारसायकलींची चाके या मैदानाकडे वळतात. या वारीतल्या वारकऱ्यांमध्ये ज्याचे नाव सर्वांत आपुलकीने घेतले जाते, तो माणूस ना अमेरिकेचा होता, ना कोणा बड्या कारखान्याचा पगारी स्वार. तो जगाच्या दक्षिण टोकावरून, हजारो मैलांचा समुद्र ओलांडून, स्वखर्चाने येत असे. त्याचे नाव हर्बर्ट जेम्स ऊर्फ बर्ट मन्रो.

शेतकऱ्याचे घर, वेगाची ओढ

मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील इन्व्हरकार्गिल येथे झाला. त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच दगावली. हे मूलही दोन वर्षांपलीकडे जगणार नाही, असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितले होते. पुढे अठ्ठ्याहत्तर वर्षे जगलेल्या आणि त्यातील बरीचशी वर्षे जिवाशी खेळण्यात घालवलेल्या माणसाच्या चरित्राचा हा प्रारंभ विलक्षणच म्हणावा लागेल.

इन्व्हरकार्गिलच्या पूर्वेस असलेल्या एडनडेलच्या परिसरात त्यांचे बालपण शेतावर गेले. वेगाची ओढ लहानपणापासूनचीच. शेतावरचा सर्वांत चपळ घोडा भरधाव पिटाळण्याचा त्यांना नाद होता आणि त्यापायी घरच्यांची बोलणीही खावी लागत. मुलाने शेतीवाडीत लक्ष घालावे, बाहेरच्या उचापती करू नयेत, असे घरात वाटे. शेताच्या बांधापलीकडचे जग पाहण्याची आस मात्र मुलाच्या मनातून गेली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मोटारसायकली, मोटारी आणि विमाने ही सारी नवलाई दक्षिणेकडच्या त्या दूरच्या मुलुखातही पोहोचू लागली होती. तरुण मन्रो काही काळ ओटिरा येथील रेल्वे बोगद्याच्या कामावर होते. वडिलांनी नवी शेतजमीन घेतली तेव्हा त्यांना परत बोलावून घेण्यात आले. मिळवलेल्या पैशांतून त्यांनी मोटारसायकली घेतल्या. त्यांतल्या क्लायनो कंपनीच्या गाडीची साइडकार त्यांनी उतरवून ठेवली आणि मोकळ्या झालेल्या गाडीवरून ते शर्यतीत उतरले.

नावाची इंडियन

१९२० साली त्यांनी जी मोटारसायकल घेतली, तिनेच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली. 'इंडियन स्काउट' हे तिचे नाव. भारतीय वाचकाला हे नाव ऐकून क्षणभर आपलेपणा वाटेल. प्रत्यक्षात या 'इंडियन'चा संबंध भारताशी नसून अमेरिकेच्या मूळ रहिवाशांशी होता. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे १९०१ मध्ये सुरू झालेल्या कंपनीचे ते उत्पादन. स्काउटचा आराखडा चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याचा. १९११ च्या आइल ऑफ मॅन शर्यतीत इंडियनच्या गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले होते आणि त्यात दुसरा आलेला स्वार हाच फ्रँकलिन होता.

दोन सिलिंडरांचे, सुमारे ६०० सीसी क्षमतेचे इंजिन आणि ताशी ५५ मैल, म्हणजे जेमतेम ८९ किलोमीटर इतका कमाल वेग. कारखान्यातून बाहेर पडलेली स्काउट ती एवढीच. त्या काळी हा वेग पुरेसा होता. मन्रो यांना तो पुरला नाही. १९२६ पासून त्यांनी गाडीत फेरफार सुरू केले. ते काम पुढे जवळपास अर्धशतक चालले.

मधल्या काळात त्यांनी स्पीडवेच्या शर्यतींत व्यावसायिक स्वार म्हणून भाग घेतला, मोटारसायकली विकण्याची नोकरी केली, जागतिक मंदीने घेरले तेव्हा पुन्हा शेतीवर जाऊन राहिले. मंदी ओसरल्यावर ते परत मोटारसायकलींकडे आले. न्यूझीलंडमधील वेगाचे विक्रम त्यांच्या नावावर जमा होऊ लागले. इन्व्हरकार्गिलजवळचा ओरेटी समुद्रकिनारा ही त्यांची हक्काची धावपट्टी. ओहोटीनंतर घट्ट झालेल्या ओल्या वाळूवर ते गाडी अजमावत. १९५७ मध्ये याच किनाऱ्यावर त्यांनी ताशी १३१ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे २११ किलोमीटर वेग गाठला. कारखान्याने दिलेला वेग त्यांनी केव्हाच दुपटीच्या पलीकडे नेला होता. त्याच्याही आधी, १९५३ मध्ये, इंडियनचा मूळ कारखाना बंद पडला होता. गाडी बनवणारे थांबले आणि गाडी वापरणारा एकटाच तिला पुढे नेत राहिला.

गॅरेजातली तपश्चर्या

या वेडाची किंमत घराने मोजली. १९२५ मध्ये विवाह झालेल्या मन्रो यांना चार अपत्ये होती. १९४७ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. त्यानंतर त्यांनी गॅरेजातच बिऱ्हाड केले. झोपण्याची जागा आणि काम करण्याची जागा यांत फरक उरला नाही. दिवसा नोकरी आणि रात्री गाडी, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

मन्रो यांच्यापाशी आधुनिक यंत्रशाळा नव्हती आणि सुटे भाग बाहेरून बनवून घेण्याइतका पैसाही नव्हता. त्यामुळे टाकाऊ वस्तू हेच त्यांचे भांडार झाले. पिस्टन ओतण्यासाठी जुने पत्र्याचे डबे कामी आले. सिलिंडरसाठी बिडाच्या जुन्या गॅसवाहिनीचा नळ उपयोगी पडला. चाकाच्या जुन्या तारेपासून त्यांनी मोजमापाचे उपकरण तयार केले. इंजिनातल्या सर्वांत जास्त ताण सोसणाऱ्या कनेक्टिंग रॉडसाठी त्यांनी ट्रॅक्टरच्या आसाचे पोलाद निवडले आणि ते हाताने कापून, कानसून आकाराला आणले. मूळच्या इंजिनात झडपा बाजूला होत्या. त्या त्यांनी सिलिंडरच्या माथ्यावर आणल्या आणि दोन कॅमच्या जागी चार कॅमची रचना बसवली. इंजिनाची क्षमता वाढत वाढत अखेरीस ९५० सीसीपर्यंत गेली. गाडी नावापुरती १९२० ची राहिली. आतले बहुतेक सारे मन्रो यांच्या हातचे झाले.

अशा प्रयोगांत यश कमी आणि मोडतोड फार. कित्येक इंजिने फुटली, कित्येक पिस्टन वितळले. हे मोडके भाग मन्रो यांनी फेकून दिले नाहीत. गॅरेजातल्या फळीवर ते ओळीने मांडून ठेवले होते आणि वेगाच्या देवतेला वाहिलेला हा नैवेद्य आहे, अशा अर्थाची पाटी त्यावर लावली होती. यात विनोद होता, तसा हिशेबही होता. कोणता भाग कोणत्या ठिकाणी तुटला, हे डोळ्यांसमोर राहिले की पुढचा भाग अधिक चांगला बनतो. अपयशाची अशी नोंदवही ठेवणारे थोडेच असतात.

१९३६ ची एक व्हेलोसेट मोटारसायकलही त्यांच्याकडे होती. तिच्यावरही त्यांनी असेच कष्ट घेतले. मात्र जगाने लक्षात ठेवली ती इंडियनच.

आधी पाहणी, मग स्वारी

बॉनविलला मन्रो एकूण दहा वेळा गेले. त्यातल्या नऊ वेळा ते धावले. पहिली खेप मात्र त्यांनी केवळ पाहण्यासाठी राखून ठेवली. त्यांच्यासारख्या उतावळ्या वाटणाऱ्या माणसाने असे करावे, याला फार महत्त्व आहे.

१९५० च्या दशकात न्यूझीलंडमधून अमेरिकेस जाणे ही साध्या माणसासाठी सोपी गोष्ट नव्हती. प्रवासाचा खर्च, सुट्टीचा प्रश्न, वाढते वय या अडचणी होत्याच, शिवाय त्याच दशकाच्या अखेरीस त्यांना हृदयविकाराने गाठले. अशा परिस्थितीत एक अख्खी फेरी निव्वळ पाहणीवर खर्च करणे अनेकांना उधळपट्टी वाटली असती. परंतु बॉनविलचे मैदान दुरून कळत नाही. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १२८० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ असल्याने इंजिनाची शक्ती घटते आणि कार्ब्युरेटरची जुळणी बदलावी लागते. ओरेटीची ओली वाळू आणि बॉनविलचे मीठ यांवर टायरची पकड सारखी नसते. दिशा कळावी म्हणून मिठावर काळी रेघ आखलेली असते, कारण चहूकडे पांढरेच पांढरे असताना स्वाराच्या नजरेला दुसरा आधार नसतो. विक्रम एका धावेवर ठरत नाही. दोन धावांची सरासरी काढली जाते. म्हणजे एकदा भन्नाट धावून भागत नाही, इंजिन दुसऱ्या धावेपर्यंत टिकावे लागते. या गोष्टी ज्याने प्रत्यक्ष पाहिल्या, त्यालाच आपल्या गॅरेजात परतल्यावर काय करायचे ते उमगते.

याच काळात त्यांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंगही बदलले. ते आपल्या नावात 'ई' हे अक्षर लिहीत. १९५७ मध्ये एका अमेरिकी मासिकाने त्याऐवजी 'यू' छापले. मन्रो यांनी चूक दुरुस्त करायला लावण्याऐवजी स्वतःच नवे रूप स्वीकारले. जगाला ठाऊक असलेला 'बर्ट' हा असा छपाईच्या चुकीतून जन्मला.

तीन विक्रम आणि एक अपघात

१९६२ च्या ऑगस्टमध्ये मन्रो यांनी आपली इंडियन बॉनविलच्या मिठावर उतरवली. तेव्हा त्यांचे वय ६३ होते. गाडीवर माशाच्या आकाराचे निमुळते कवच चढवलेले होते आणि त्यात शिरून स्वाराला जवळपास पालथे पडूनच गाडी हाकावी लागे. इंजिनाची क्षमता ८५० सीसी होती. त्या वर्षी त्यांनी ताशी १७८.९५ मैल, म्हणजे सुमारे २८८ किलोमीटर वेगाने जागतिक विक्रम केला. ज्या गाडीला मूळ कारखान्याने ताशी ८९ किलोमीटरची ताकद दिली होती, ती आता तिपटीहून अधिक वेगाने धावत होती.

१९६६ मध्ये १००० सीसी गटात त्यांनी ताशी सुमारे २७०.५ किलोमीटरचा विक्रम नोंदवला. सर्वांत गाजले ते १९६७ हे वर्ष. गाडीचे वय ४७ आणि स्वाराचे ६८. याच मोसमात पात्रता धावेत त्यांनी एका दिशेने ताशी १९०.०७ मैल, म्हणजे जवळपास ३०६ किलोमीटर वेग गाठला. इंडियन मोटारसायकलीवर अधिकृतपणे नोंदवला गेलेला तो सर्वाधिक वेग ठरला. विक्रम म्हणून मान्य झालेली सरासरी ताशी १८३.५८६ मैल, म्हणजे सुमारे २९५.४५ किलोमीटर होती. ताशी २०५ मैलांहून अधिक वेगाची एक धावही त्यांच्या नावावर सांगितली जाते, मात्र ती अधिकृत नाही.

हे यश सहजासहजी पदरात पडलेले नव्हते. १९६७ च्याच एका धावेत निम्मे अंतर पार झाल्यावर गाडी डगमगू लागली. वेग कमी व्हावा म्हणून मन्रो कवचातून वर उठून बसले. समोरून आदळलेल्या वाऱ्याने त्यांचा चष्मा उडवला आणि डोळ्यांवर असा दाब आला की दिसेनासे झाले. गाडी काळी रेघ सोडून भरकटली. पोलादी खुणेचा एक खांब काही इंचांच्या अंतराने चुकला. अखेर त्यांनी गाडी आडवी पाडली. थोड्याफार खरचटण्यावर निभावले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मन्रो यांच्या धाडसाच्या कथा रंगवून सांगताना त्यांनी पत्करलेला धोका अनेकदा गमतीचा वाटू लागतो. तो गमतीचा नव्हता. घरी बनवलेले इंजिन, आजच्या मानाने तुटपुंजी संरक्षक साधने आणि विकाराने जडावलेले हृदय घेऊन हा माणूस तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत होता. त्यांना हे ठाऊक होते आणि तरीही ते धावले, हा त्यांचा स्वतःपुरता निर्णय होता. त्यांचे अनुकरण करायचे तर त्यांच्या चिकाटीचे करावे, त्यांच्या सुरक्षा साधनांचे नव्हे.

बॉनविलला पहिल्यांदा जाताना

मन्रो यांनी केली तशी पहिली पाहणीची फेरी आजही कोणाला करता येते. मेळा सहसा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात भरतो. सॉल्ट लेक सिटीपासून मैदान सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. जवळचे गाव वेंडोव्हर. दुसऱ्या महायुद्धात हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या 'एनोला गे' विमानाच्या पथकाने सराव केला तो तळ याच गावचा. मेळ्याच्या दिवसांत गावातल्या खोल्या फार आधी भरतात आणि प्रत्यक्ष मिठावर मुक्काम करण्यास परवानगी नसते. म्हणून तिकिटाआधी निवाऱ्याची सोय पाहावी.

सर्वांत मोठा शत्रू ऊन. मिठावरून परावर्तित होणारे किरण खालून वर येतात. टोपी घातली तरी हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आत, कानांच्या मागे त्वचा भाजते. अंगभर सुती कपडे, गडद चष्मा, ऊन रोखणारे मलम आणि भरपूर पाणी यांवाचून मैदानात पाऊल ठेवू नये. प्रेक्षकांना धावपट्टीपासून बरेच दूर ठेवले जाते, त्यामुळे दुर्बीण जवळ असावी. धावांच्या घोषणा रेडिओवरून प्रसारित होतात. छोटा रेडिओ असला तर कोण धावत आहे, हे कळते. खरी मौज मात्र गाड्या दुरुस्त होतात त्या तळावर आहे. तेथे प्रेक्षकांना हिंडता येते. काम चालू असताना मध्ये लुडबुड न करता थोडे थांबले, तर गाडीवाले आपणहून बोलू लागतात.

आपले वाहन मिठावर नेणाऱ्याने आखून दिलेला मार्ग सोडू नये. कडेचा थर पातळ असतो आणि त्याखाली चिखल असतो. परतल्यावर गाडी खालून नीट धुऊन घ्यावी, अन्यथा मीठ लोखंड खाऊन टाकते. दुचाकी उभी करताना स्टँडखाली लाकडाची किंवा पत्र्याची चपटी पट्टी ठेवणे हा साधा उपाय जगातल्या कोणत्याही मेळ्यात उपयोगी पडतो. भारतातून जाणाऱ्याने अमेरिकेत वाहतूक उजव्या बाजूने चालते, याचे भान विशेषतः चौकात वळताना ठेवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निसर्गाचा शब्द अखेरचा असतो. पावसाने मैदान भिजले की मेळा रद्द होतो. २०१४, २०१५ आणि २०२२ मध्ये असेच झाले. गेल्या काही दशकांत मिठाचा थर पातळ होत चालला असून त्याबद्दल अमेरिकेत चिंता व्यक्त होते. निघण्यापूर्वी मैदानाची स्थिती तपासणे आणि रिकाम्या हाताने परतण्याची मनाची तयारी ठेवणे, हे दोन्ही आवश्यक आहे. मन्रो यांच्याही सर्व फेऱ्या विक्रमाच्या नव्हत्या. नऊ मोसमांत तीन विक्रम, हा त्यांचा हिशेब आहे. उरलेल्या सहा खेपा त्यांनी वाया गेल्या असे मानले असते, तर तीन विक्रमही झाले नसते.

अखेरची वर्षे

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी रॉजर डोनाल्डसन या तरुण दिग्दर्शकाने मन्रो यांच्यावर माहितीपट तयार केला. त्या वेळी मन्रो सत्तरी ओलांडलेले होते. शरीर साथ देईनासे झाले, तसे धावणे थांबले. १९७७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातापायांचा मेळ पूर्वीसारखा राहिला नाही. ज्या हातांनी पोलाद कानसले होते, त्यांना आता हत्यारे पेलवेनात.

त्या अवस्थेत त्यांच्यापुढे एकच चिंता होती, ती गाड्यांची. इंडियन आणि व्हेलोसेट या दोघींनी आपल्या साउथलंड प्रांतातच राहावे, असे त्यांना वाटत होते. त्यांनी त्या इन्व्हरकार्गिलच्या ई. हेज अँड सन्स या स्थानिक दुकानदारांकडे सोपवल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी मन्रो यांचे निधन झाले. वेगाने त्यांचा बळी घेतला नाही. नैसर्गिक कारणाने, आपल्याच गावी, त्यांनी डोळे मिटले. लोखंडी सामान विकणाऱ्या त्या दुकानात खिळे, पाने, हातोड्या घ्यायला येणारे गिऱ्हाईक आजही मन्रो यांचा वारसा पाहू शकते. आयुष्यभर हत्यारांशी संसार केलेल्या माणसाला याहून योग्य स्मारक मिळाले नसते.

गावात भरणारा मेळा

२००५ मध्ये त्याच डोनाल्डसन यांनी 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा चित्रपट काढला. अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रो साकारले आणि मोटारसायकलींशी काडीचा संबंध नसलेल्या प्रेक्षकांनाही हा म्हातारा आपला वाटू लागला. चित्रपटाने अनेक फेऱ्यांचा अनुभव एकाच फेरीत गोवला आहे. त्यामुळे मन्रो एका झटक्यात जाऊन विक्रम करून आले, असा समज होतो. वस्तुस्थिती अधिक संथ आणि म्हणूनच अधिक मोठी आहे.

पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, अमेरिकन मोटारसायक्लिस्ट असोसिएशनने त्यांचा आपल्या गौरव दालनात समावेश केला. त्याच वर्षी इन्व्हरकार्गिलमध्ये साउथलंड मोटारसायकल क्लबने 'बर्ट मन्रो चॅलेंज' हा मेळा सुरू केला. ब्लफ येथील टेकडीवरची चढाई, टेरेटोंगाच्या धावपट्टीवरच्या शर्यती आणि मन्रो यांच्या लाडक्या ओरेटी किनाऱ्यावरची वाळूतली झुंज, असे त्याचे स्वरूप आहे. आता तो फेब्रुवारीत भरतो आणि दूरदूरचे स्वार तंबू, पथारी घेऊन तेथे उतरतात.

तेथे पहिल्यांदा जाणाऱ्याने फेब्रुवारी हा तिकडचा उन्हाळा असला तरी उबदार कपडे आणि पावसाळी कोट न्यावा. दक्षिण ध्रुवाकडून येणारे वारे दिवसातून चार वेळा हवामान पालटवतात. ढगाळ हवेतही तेथील सूर्य त्वचा जाळतो. किनाऱ्यावरच्या शर्यती भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी बांधलेल्या असतात, म्हणून वेळ आधी पाहून ठेवावी. वाळू दिसायला टणक असली तरी कडेला भुसभुशीत असते आणि जड गाडी तेथे रुतते. न्यूझीलंडमध्ये वाहतूक आपल्यासारखी डावीकडून चालते, ही सोय आहे. मात्र परवाना दुचाकीसाठीच वैध आणि इंग्रजीत असावा लागतो, हेल्मेट सक्तीचे आहे आणि लांबच्या निर्जन रस्त्यांवर पेट्रोलचा अंदाज चुकवून चालत नाही. दिवसभर गाडी चालवून थकलेल्या स्वाराने मुक्कामाच्या घाईत शेवटचे शंभर किलोमीटर रेटू नयेत. अपघात बहुधा तेथेच वाट पाहत असतात. मद्य घेतल्यावर किल्लीला हात लावू नये, हे कोणत्याही देशात वेगळे सांगण्याची गरज नसावी.

हिशेबातली चूक

मन्रो यांच्या कथेचा शेवटचा अध्याय त्यांच्या मृत्यूनंतर ३६ वर्षांनी लिहिला गेला. १९६७ च्या विक्रमाची कागदपत्रे पाहताना त्यांच्या मुलाच्या लक्षात आले की दोन धावांची सरासरी काढताना आकडेमोड चुकली आहे. अमेरिकन मोटारसायक्लिस्ट असोसिएशनने पडताळणी केली आणि २०१४ मध्ये विक्रमाचा आकडा सुधारून ताशी १८४.०८७ मैल असा केला. फरक अवघ्या अर्ध्या मैलाचा. पण ज्या माणसाने तारेच्या मोजपट्टीवर सुताइतके अंतर तासन्‌तास जुळवले, त्याच्या बाबतीत अर्धा मैल ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. २०१७ मध्ये, विक्रमाच्या पन्नासाव्या वर्षी, मन्रो घराण्यातील पुढच्या पिढीचा एक स्वार नव्या इंडियन स्काउटवर त्याच मिठावर धावला, तेव्हा वेगाच्या या वारीची परंपरा एका घरातही टिकल्याचे दिसले.

मेळ्याला जाणारे बहुतेक लोक विक्रम करायला जात नाहीत. ते पाहायला, भेटायला आणि आपल्यासारख्याच वेडाच्या माणसांत चार दिवस राहायला जातात. मन्रोही पहिल्यांदा तेवढ्यासाठीच गेले होते. तेथून परतल्यावर त्यांनी गॅरेजाचे दार लावून घेतले आणि पुन्हा कानस हातात घेतली. त्यांचे मोठेपण त्या पहिल्या फेरीत आणि पहिल्या विक्रमाच्या मधल्या वर्षांत आहे.